विज्ञानाचे दार आणि भाषेचा उंबरठा



मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी. ए. पर्यंत, तेही कला शाखेतून. हा विज्ञानशिक्षणावर काय बोलणार, असे आपल्याला वाटेल. पण शब्द हा माझा रोजचा विषय आहे आणि खेड्यापाड्यांतली मुले विज्ञानापासून दूर का राहतात, या प्रश्नाचे एक मोठे उत्तर शब्दांतच सापडते. ते उत्तर ज्या संस्थेने शोधले, तिचे सुरुवातीचे काम आपल्या जळगाव जिल्ह्यात झाले. म्हणून आज त्याविषयी बोलावेसे वाटते.

शिक्षणाचे दार सर्वांना उघडावे, ही मागणी जुनी आहे. १८८२ साली जोतीराव फुले यांनी हंटर आयोगाला निवेदन दिले. सरकारी महसूल शेतकऱ्यांच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, अशी त्यांची तक्रार होती. स्वातंत्र्यानंतर सरकारने शिष्यवृत्त्या, फीमाफी, वसतिगृहे, राखीव जागा असे एकेक पाऊल उचलले. मुलींना वेगळा, घरसंसाराला उपयोगी असा अभ्यासक्रम असावा, हा समज तेव्हा पक्का होता. साठच्या दशकात हंसाबेन मेहता यांच्या समितीने तो बाजूला सारला. पाठोपाठ कोठारी आयोगाने (१९६४-६६) शिफारस केली की, पहिली दहा वर्षे गणित आणि विज्ञान सर्वांनाच सक्तीचे असावे. महाराष्ट्रात नव्या पद्धतीची दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली. पुढे १९८६चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले आणि त्यातून खडू-फळा मोहीम निघाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक, त्यांत शक्यतो एक शिक्षिका आणि सोबत विज्ञानाच्या साहित्याची पेटी, अशी ती योजना होती.

हे सारे आवश्यकच होते. पण खोली झाली, पेटी आली, तरी पुस्तक उघडल्यावर मुलाला काही कळेना, तर काय करायचे?

टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. प्रा. व्ही. जी. कुलकर्णी त्याचे प्रमुख होते. केंद्राचे काम पहिल्यांदा चालले ते मुंबईच्या नाना चौकातल्या महापालिकेच्या शाळेतून. आणि ग्रामीण भागातल्या कामासाठी केंद्राची मंडळी आली ती रावेर तालुक्यातल्या खिरोद्याला. खिरोदा हे धनाजी नाना चौधरी आणि मधुकरराव चौधरी यांचे गाव. १९६७ साली बालभारती स्थापन झाली, तेव्हा मधुकरराव राज्याचे शिक्षणमंत्री होते. खिरोदा परिसरातल्या माध्यमिक शाळांतील शिक्षकांना केंद्राने प्रशिक्षण दिले, हाताशी असलेल्या स्वस्त साहित्यातून प्रयोग करायला शिकवले.

त्यानंतर केंद्राने मुंबईत महापालिकेच्या शाळांतली अनुसूचित जातींची मुले निवडली आणि आठवीपासून दहावीपर्यंत त्यांना नेमाने मार्गदर्शन केले. कुलकर्णी आणि डॉ. सुधाकर आगरकर यांनी या कामाचा अहवाल पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. मुलांची बुद्धी कमी नव्हती. ती अडत होती भाषेशी. पाठ्यपुस्तकातली वाक्ये त्यांच्या आवाक्याबाहेरची होती आणि मनात असलेले उत्तर मांडायला शब्द नव्हते. ही अडचण ओळखून मदत केल्यावर यांतल्या अनेक मुलांनी शालान्त परीक्षेत चांगले यश मिळवले. मजकूर तोच ठेवून पुस्तकाची भाषा सोपी केली, की मुलांची समज वाढते, हेही केंद्राच्या प्रयोगांतून दिसले.

श्रोतेहो, आता आपल्या पाचोऱ्याकडे पाहा. उतारावर सुटलेली बैलगाडी क्षणाक्षणाला वेग घेते, हे इथल्या कुठल्याही पोराला ठाऊक असते. पाण्याच्या बादलीत अर्धी बुडवलेली काठी वाकडी दिसते, हेही त्याने पाहिलेले असते. मराठी शाळेत गेल्यावर पहिल्या गोष्टीला ‘त्वरण’ म्हणतात आणि दुसरीला ‘अपवर्तन’. उर्दू शाळेत त्यांचीच नावे ‘इसराअ’ आणि ‘इनइताफ’. एका भाषेने शब्द संस्कृतातून घेतले, दुसरीने अरबीतून. पण ज्याच्या घरात अहिराणी किंवा तावडी बोलतात, त्याला ‘त्वरण’ परकेच. आणि आमच्या घरांतली उर्दू काही लखनौची नव्हे, तिच्यात मराठी आणि अहिराणी मिसळलेली. तिथे ‘इसराअ’ही परकाच. अडखळण्याच्या बाबतीत दोन्ही शाळांतली मुले सख्खी भावंडे आहेत.

पारिभाषिक शब्द नकोत, असे माझे म्हणणे नाही. नेमकेपणासाठी ते लागतातच. पण आधी बैलगाडी यावी, मग त्वरण यावे. पुष्कळदा घडते उलटे. मूल व्याख्या घोकते, विसरते आणि वर्गात ‘मठ्ठ’ ठरते. कसेबसे दहावी पार केलेल्या मुलांना अकरावी विज्ञानाला इंग्रजी पुस्तके समोर येतात. मराठीतले किंवा उर्दूतले शब्द मोठ्या कष्टाने आपले केलेले असतात, ते तिथे पुन्हा निरुपयोगी होतात. ‘आपल्याला सायन्स झेपणार नाही’ म्हणत हुशार मुलगी दुसरी शाखा घेते आणि घरचेही सुटकेचा श्वास सोडतात.

२०२४ साली राज्य सरकारने आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील, ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क माफ केले. निर्णय स्वागतार्ह आहे. पण अभियांत्रिकीची फी माफ झाली, तरी तिथे पोचायला आधी अकरावी-बारावीचे विज्ञान पार करावे लागते. अकरावीच्या दाराशीच जी परत फिरली, तिच्या हाती ही सवलत पडत नाही.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विज्ञान-गणितासाठी दर्जेदार द्विभाषिक पुस्तके तयार करण्याचे म्हटले आहे. ती लवकर यावीत. पण तोवर थांबायचे कारण नाही. विज्ञानाचा नवा पाठ छापण्याआधी तो दहा-वीस खेड्यांतल्या मुलांकडून वाचून घेता येईल. आठवी-नववीपासूनच प्रत्येक संज्ञेसमोर इंग्रजी शब्द देता येईल. दहावीचा निकाल लागल्यावर अकरावी सुरू होईपर्यंत मुलांना तेच शब्द इंग्रजीत ओळखीचे करून देणारा महिनाभराचा वर्ग गावोगावचे निवृत्त शिक्षक सहज चालवू शकतील. आणि वर्गातल्या शिक्षकाने एवढेच करावे, ‘हे तुझ्या घरच्या भाषेत सांग पाहू,’ असे मुलाला आधी विचारावे. ते सांगता आले, तर त्याला कळले आहे. पुस्तकी नाव नंतर शिकवता येते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)