पेशी आणि सुनावणी



आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसाने स्मृतिव्याख्यानासाठी शरीरशास्त्रातला विषय घ्यावा, याचे आपल्याला नवल वाटले असेल. त्यामागे एक जुने देणे आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची वार्ता पसरली आणि लाखो लोकांनी शहर सोडले. मीही कुटुंबाला घेऊन, खिशात टेट्रासायक्लिनच्या गोळ्या कोंबून निघालो. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्या बाई मात्र येथेच राहिल्या. शाळा पुन्हा भरल्यावर त्यांनी मला वर्गात बोलावले. वेड रोडवरच्या एका मुलाने विचारले, "सर, शरीरात रोगाशी लढणारी शक्ती असते ना? मग माझा मामा दोन दिवसांत कसा गेला?"

"प्रकृती दुबळी असेल," मी म्हणालो.

"मामा रोज पहाटे जोर काढायचा, सर."

बाई काही बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही.

शत्रू दिसताच शरीराचे सैन्य तुटून पडते, अशी आपली समजूत असते. वस्तुतः या लढ्याची सूत्रे ज्यांच्या हाती असतात त्या टी-पेशींना अख्खा जंतू ओळखूच येत नाही. आधी एखादी भक्षक पेशी त्याला गिळते. तिच्या पोटातील आम्लात आणि विकरांत जंतूच्या प्रथिनांचे तुकडे होतात. त्यांतला एखादा, साधारण १३ ते २५ अमिनो आम्लांचा, ती स्वतःच्या एका रेणूच्या खाचेत बसवून बाहेर, पृष्ठभागावर आणून धरते. खाच आपली, तुकडा परका; दोन्ही एकत्र ओळखले तरच टी-पेशी जागी होते. आपल्या रेणूची ही अट झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी कॅनबेरा येथे विषाणुबाधित उंदरांवरील प्रयोगांतून उलगडली. त्यासाठी त्यांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

कचेरीच्या भाषेत पेशी म्हणजे सुनावणी. तो शब्द फारसी वळणाचा आणि शरीरातली पेशी संस्कृतातली, कूळ निराळे. तरी एका पेशीने दुसरीपुढे पुरावा पेश करावा, हा योग माझ्यासारख्या भाषेच्या माणसाला मोह पाडणाराच.

हा पुरावा पेश करण्यात सर्वांत तरबेज असते ती फांद्याफांद्यांची डेन्ड्रायटिक पेशी. राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ मध्ये तिचे वर्णन केले. ती त्वचेत, फुप्फुसात दबा धरून असते आणि जंतू सापडला की लसिकावाहिनीतून जवळच्या ग्रंथीकडे निघते. तेथे टी-पेशींची ये-जा चालू असते. पण त्या नेमक्या तुकड्याला जुळणारी पेशी लाखांत एखादी. ती सापडायची, तिची पिलावळ वाढायची, प्रतिपिंडे तयार व्हायची. या साऱ्याला बरेच दिवस लागतात.

प्लेगचा जंतू नेमका येथे घाव घालतो. तो भक्षक आणि डेन्ड्रायटिक पेशींमध्ये सुईसारख्या नळीतून स्वतःची प्रथिने टोचतो आणि त्यांचे गिळणे, इशारा देणे लुळे पाडतो. साक्षीदारच मुका केला, की सुनावणी लांबते. जांघेतल्या-काखेतल्या ग्रंथीतच तो ठाण मांडतो, तेव्हा ती गाठ येते. आपले पूर्वज त्याला ग्रंथिक सन्निपात म्हणत. त्याच साथीत पुण्यात रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. बरोबर दोन महिने आधी, १० जानेवारीला, मुंबईत हाफकिन यांनी उष्णतेने मारलेल्या जंतूंची लस स्वतःला टोचून घेतली होती. मेलेला जंतू कोणाला लुळा करू शकत नाही; त्याचे तुकडे सावकाश, साथ येण्याआधीच पेश होतात. फुप्फुसाच्या प्लेगपुढे मात्र ती लस तोकडी पडली.

कारण फुप्फुसाचा प्लेग वेळच देत नाही. पहिल्या लक्षणांपासून सुमारे एका दिवसात योग्य प्रतिजैविक सुरू झाले नाही, तर रुग्ण बहुधा दगावतो. औषध जंतूंची वाढ रोखते आणि शरीराला सुनावणीपुरती सवड मिळते. माझ्या खिशात ती सवड होती. त्या मामाला ती मिळाली नाही.

त्या मुलाचा ठावठिकाणा मला ठाऊक नाही. माजी विद्यार्थ्यांत तो आज येथे बसला असेल, तर त्याने एवढे ऐकावे, की त्याचा मामा दुबळा नव्हता आणि मी त्याला चुकीचे उत्तर दिले होते.