चार कोटींत पंचवीस खेळाडू

आज मी तुम्हाला अमेरिकेतल्या एका बेसबॉल संघाचा हिशोब सांगणार आहे. "ताई, आपल्याला बेसबॉलचं काय करायचंय?" असं म्हणून रेडिओ बंद करू नका. यात खेळ थोडा आणि हिशोब जास्त आहे, आणि हिशोब आपल्या हाताखालचा आहे.

आधी खेळ दोन मिनिटांत उरकू. आपल्याकडं शाळेत मुली सॉफ्टबॉल खेळतात, त्याचाच हा थोरला भाऊ. एकजण चेंडू फेकतो, समोरचा दांडक्यानं टोलवतो आणि पळत पहिल्या थांब्यावर जातो. मग दुसरा, तिसरा असं करत जिथून निघाला तिथं परत आला, की एक धाव. तिघं बाद झाले की पाळी दुसऱ्या संघाची. फेकणाऱ्यानं चार चेंडू आडवेतिडवे टाकले आणि फलंदाजानं ते शहाणपणानं सोडून दिले, तर त्याला पहिला थांबा फुकट मिळतो. हा फुकटचा थांबा लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम आहे.

हंगाम एप्रिलच्या सुमाराला सुरू होतो, ऑक्टोबरात संपतो. एकेक संघ १६२ सामने खेळतो. हिवाळ्यात मैदान बंद असतं, पण कचेरीत खरी धावपळ तेव्हाच चालते. कोणाला ठेवायचं, कोणाला जाऊ द्यायचं, नवीन कोण आणायचं, आणि हे सगळं किती पैशांत बसवायचं. आपण मार्चमध्ये गटाच्या वह्या घेऊन बसतो ना, तसंच.

आता आपला संघ. तेव्हा कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहराचा, नाव ॲथलेटिक्स. साल २००१. या संघानं त्या वर्षी १०२ सामने जिंकले, आणि बाद फेरीत न्यूयॉर्कच्या यांकीज या श्रीमंत संघाकडून हरला. हरल्याचं दुःख एक, आणि त्याच हिवाळ्यात त्यांचे तीन नावाजलेले खेळाडू मोकळे झाले. तिथला नियम असा, की सहा वर्षांची नोकरी भरली आणि करार संपला, की खेळाडू वाटेल त्या संघात जाऊ शकतो. जेसन जिआंबी हा त्यांचा सगळ्यात मोठा फलंदाज यांकीजकडं गेला, सात वर्षांचे १२ कोटी डॉलर घेऊन. जॉनी डेमन बॉस्टनला गेला, चार वर्षांचे ३ कोटी १० लाख. शेवटच्या डावात येऊन सामना आवरणारा जेसन इझरिंगहाउझन सेंट लुईसला, चार वर्षांचे २ कोटी ७० लाख.

लोक म्हणतात, ओकलंडनं त्यांना थांबवायला हवं होतं. चला, थांबवून बघू. पेन्सिल घ्या. ओकलंडचं २००२ सालचं पगाराचं सगळं अंदाजपत्रक साधारण ४ कोटी डॉलर. त्या वेळी डॉलर ४८ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे आपले १९० कोटी रुपये. ऐकायला डोळे फिरतात, पण यांकीजचा पगारखर्च १२ कोटी डॉलरच्या वर होता. आता जिआंबीचे १२ कोटी सात वर्षांत वाटा, वर्षाला सरासरी १ कोटी ७१ लाख येतात. डेमनचे साडेसत्याहत्तर लाख. इझरिंगहाउझनचे साडेसदुसष्ट लाख. तिघांची बेरीज ३ कोटी १६ लाख. चार कोटींतून हे गेले, की उरले ८४ लाख. संघात तेव्हा माणसं लागायची २५. म्हणजे २२ जणांना ८४ लाखांत बसवायचं. तिथं किमान पगारच वर्षाला २ लाख डॉलर होता, म्हणजे बावीस जणांना अगदी किमान पगार दिला तरी ४४ लाख जातात. उरलेल्या चाळीस लाखांत बाकीचे चांगले गडी कुठून सांभाळणार? तेव्हा तिघांना जाऊ देणं हा निष्काळजीपणा नव्हता. वहीच तसं सांगत होती.

संघाचा व्यवस्थापक बिली बीन, आणि त्याच्या हाताखाली पॉल डिपोडेस्टा नावाचा हार्वर्डमध्ये अर्थशास्त्र शिकलेला तरुण. त्यांनी "दुसरा जिआंबी कुठं मिळेल" हा प्रश्न सोडून दिला. तो मिळाला तरी परवडणार नव्हताच. जिआंबी नेमकं काय देत होता, हे त्यांनी मोडून पाहिलं. तो शंभर वेळा खेळायला आला तर ४८ वेळा बाद न होता कुठल्या तरी थांब्यावर पोचायचा. तिघं बाद झाले की पाळी जाते, तर बाद न होणं हीच या खेळातली खरी मिळकत. पण बाजार पैसे देत होता लांब टोल्यांना, पळण्याच्या वेगाला, देखण्या शरीराला. चेंडू सोडून फुकटचा थांबा मिळवणाऱ्याला कोणी विचारत नव्हतं. पाऊस पडला की टाकळा बांधाला मोप उगवतो, त्याला आठवडी बाजारात काय भाव असतो? भाजी म्हणून ताटात तो कमी नसतो.

डेमनचंच बघा. नाव मोठं, वेगवान, प्रेक्षकांचा लाडका. पण त्या वर्षी तो शंभरात जेमतेम ३२ वेळा थांब्यावर पोचला होता.

मग त्यांनी कोणाला आणलं? डेव्हिड जस्टिस, छत्तीस वर्षांचा, कारकीर्द उतरणीला लागलेली. आणि स्कॉट हॅटबर्ग. हा मला सगळ्यात आवडतो. हा यष्टिरक्षकासारखा मागं बसून चेंडू झेलणारा. कोपराची नस तुटली, शस्त्रक्रियेनंतर पहिल्यासारखी फेक जमेना. बॉस्टननं त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं, त्या संघानंही डिसेंबरात करार करायचं नाकारलं. मुदत संपली आणि लगेच ओकलंडचा फोन गेला. पगार ९ लाख डॉलरच्या आसपास. हात गेला तर गेला, डोळा शाबूत होता. वाईट चेंडूला तो दांडकं लावत नसे. त्याला पहिल्या थांब्यावर उभं करायचं ठरलं. तिथं लांब फेक फारशी लागत नाही, पण ते काम त्यानं कधी नीट केलं नव्हतं. त्या हिवाळ्यात त्याची बायको टेनिसच्या मैदानावर त्याला जमिनीवरून चेंडू मारायची आणि तो अडवायला शिकायचा. पुढं रॉन वॉशिंग्टन या प्रशिक्षकानं त्याच्याकडून ते घोटून घेतलं. २००२ मध्ये हॅटबर्ग शंभरात ३७ वेळा थांब्यावर पोचला, जस्टिस जवळजवळ ३८ वेळा. दोघांतला कोणीही जिआंबी नव्हता, पण बेरीज जुळत आली.

आणखी एक चतुराई. मोठा खेळाडू दुसऱ्या संघानं नेला, तर तेव्हाच्या नियमानं जुन्या संघाला पुढच्या जूनमध्ये नव्या पोरांच्या निवडीत जादा पाळी मिळायची. ओकलंडला २००२ मध्ये पहिल्या फेरीत, तिची पुरवणी फेरी धरून, सात पोरं निवडता आली. जाणारा माणूस जाताना बियाणं ठेवून गेला म्हणा.

सगळंच जमलं असं मात्र नाही. शेवटचा डाव आवरायला त्यांनी टोरांटोकडून बिली कॉक आणला, त्याच्या बदल्यात एरिक हिन्स्की हा पोरगा दिला. कॉकनं काम चोख केलं, पण हिन्स्की त्याच वर्षी त्यांच्या लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. जिआंबीच्या जागी आधी कार्लोस पेन्या आणला होता, तो जुलैत दुसरीकडं द्यावा लागला. मे संपत आला तरी संघानं जिंकल्यापेक्षा हरलेले सामने जास्त होते. मग घडी बसली. ऑगस्ट-सप्टेंबरात ओळीनं २० सामने जिंकले. विसाव्या सामन्यात ११-० अशी आघाडी होती, ती घालवून ११-११ केली, आणि शेवटच्या डावात टोला मारून सामना जिंकून दिला कोणी? हॅटबर्गनं. हंगामअखेर ओकलंडचे १०३ विजय. तिप्पट पैसे घालणाऱ्या यांकीजचेही १०३. बाद फेरीत मात्र ओकलंड पुन्हा पहिल्याच पायरीवर हरला.

मायकेल लुईस यांनी यावर 'मनीबॉल' हे पुस्तक २००३ मध्ये लिहिलं, २०११ मध्ये सिनेमा आला. सिनेमा बघाल तर वाटेल, सगळं डोक्यानं झालं. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. त्या १०३ विजयांपैकी ५७ बॅरी झिटो, मार्क मल्डर आणि टिम हडसन या तीन तरुण गोलंदाजांच्या नावावर आहेत, म्हणजे निम्म्याहून जास्त. झिटोला त्या वर्षी लीगच्या सर्वोत्तम गोलंदाजाचा मान मिळाला. त्याचा पगार? ३ लाख डॉलरच्या आसपास. जिआंबीच्या वर्षाच्या सरासरीत सत्तावन्न झिटो बसले असते. हे काही कोणाच्या हुशारीनं नाही. पहिली साधारण तीन वर्षं खेळाडूला संघ देईल तेवढाच पगार घ्यावा लागतो, दुसरीकडं जाता येत नाही. पुढची तीन वर्षं लवादाकडं दाद मागता येते. सहा वर्षं भरल्यावर मोकळीक.

म्हणजे चार कोटींचं ते अंदाजपत्रक जमलं, त्यात बीनची नजर होती हे खरं, पण त्याखाली कमी पगाराचं तरुण अंगही होतं. आपल्या मसाल्याच्या खर्चाच्या कागदावर मिरची असते, तेल असतं, गिरणीचं दळण असतं, पिशव्या असतात. भाजणाऱ्या आणि कुटणाऱ्या बायांची मजुरी कितीजणी लिहितात? रकाना मोकळा ठेवला की किलोमागं नफा छान दिसतो. एखादी तरबेज बाई गाव सोडून गेली की तिच्या जागी रोजानं बाई लावावी लागते, आणि मग कळतं की नफा नव्हता, तिचे दिवस होते. मी गटांना सांगते, पैसे आज द्या नाहीतर उद्या द्या, पण आकडा लिहा. तिच्या कामाचे तुकडेही लिहा. भाजणी तिची, चव बघणं तिचं, गिऱ्हाइकाशी बोलणंही तिचंच. ती तीन कामं तीन जणींत वाटता येतील का, हे ती असतानाच बघायचं.

ओकलंडमध्ये मिगेल तेहादा होता. डॉमिनिकन रिपब्लिकमधून आलेला गरीब घरचा मुलगा, २००२ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू. २००३ चा हंगाम संपला, तो मोकळा झाला आणि सहा वर्षांचे ७ कोटी २० लाख डॉलर घेऊन बाल्टिमोरला गेला. त्याच्या जागी ओकलंडनं स्वतःच्याच तालमीत वाढलेला बॉबी क्रॉसबी उभा केला, आणि तो २००४ चा लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. पगार अर्थातच नवोदिताचा.