इंग्लंडच्या काउंटीतील लोकसेवा : संधी, पूर्वतयारी आणि कर्तव्य

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



परदेशगमनाचा विषय निघाला की समाजात बहुधा व्यापार आणि संगणक या दोनच मार्गांची चर्चा होते. सार्वजनिक सेवेचा तिसरा मार्ग मात्र दुर्लक्षित राहतो. इंग्लंडमधील एखाद्या काउंटीत शिक्षक, समाजकार्यकर्ता, परिचारिका किंवा अभियंता म्हणून रुजू होऊ इच्छिणाऱ्या तरुण-तरुणींनी काय जाणून घ्यावे आणि त्यांच्या माता-पित्यांनी त्यांना कोणते प्रश्न विचारावेत, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम काउंटी म्हणजे काय ते पाहू. १८८८ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये निर्वाचित काउंटी कौन्सिले निर्माण झाली. महाराष्ट्रातील वाचकास जिल्हा परिषद आणि पंचायत समिती यांची जोडी परिचित आहे. तेथील द्विस्तरीय रचनाही काहीशी तशीच. शिक्षण, वृद्ध व बालकांची सामाजिक देखभाल, रस्ते आणि ग्रंथालये काउंटीकडे. तर कचरा उचलणे, गृहनिर्माण आणि बांधकाम परवानग्या खालच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे. लेस्टरशायरमध्ये अशी सात डिस्ट्रिक्ट कौन्सिले आहेत. खुद्द लेस्टर शहर मात्र १९९७ पासून काउंटी कौन्सिलच्या कक्षेबाहेर असून तेथील कारभार स्वतंत्र नगर कौन्सिल पाहते. म्हणून अर्ज करताना नोकरी शहराची की काउंटीची, हे आधी तपासावे. शिवाय डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेत शासनाने ही द्विस्तरीय पद्धत मोडून एकस्तरीय कौन्सिले आणण्याचे धोरण जाहीर केले आहे. ज्या संस्थेत रुजू व्हावयाचे तिचे पुढे कशात विलीनीकरण होणार, हा प्रश्न मुलाखतीत विचारण्यात संकोच नसावा.

दुसरी गोष्ट भरतीची. येथे लोकसेवा आयोगाची एक परीक्षा उत्तीर्ण झाली की संवर्ग मिळतो आणि शासन बदल्या करते. काउंटी कौन्सिलमध्ये तसे नाही. प्रत्येक पदाची जाहिरात स्वतंत्र निघते आणि नेमणूक कौन्सिल स्वतः करते. पदास आवश्यक असलेल्या प्रत्येक गुणाविषयी उमेदवाराने आपल्या कामातील प्रत्यक्ष उदाहरण लिहावे लागते. पदव्यांची लांबलचक यादी देऊन उदाहरण न देणारा अर्ज पहिल्याच चाळणीत गळतो. ओळखीपाळखीचा उपयोग नाही. उलट शिफारशीचा प्रयत्न अंगाशी येण्याचाच संभव अधिक.

तिसरी गोष्ट नोंदणीची. समाजकार्यकर्ता ही पदवी तेथे कायद्याने संरक्षित आहे. सोशल वर्क इंग्लंड या नियामक संस्थेकडे नोंदणी झाल्याखेरीज ती लावता येत नाही. परिचारिकांना नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलची संगणकीय व प्रात्यक्षिक अशी दुहेरी परीक्षा द्यावी लागते. २०२३ पासून भारतातील पात्र शिक्षकांना इंग्लंडमधील शिक्षक-पात्रतेसाठी थेट अर्ज करण्याचा मार्ग खुला झाला. मात्र तो गणित, विज्ञान आणि भाषा शिकविणाऱ्यांपुरताच आहे.

व्हिसाचे नियम अलीकडे कडक झाले आहेत. कुशल कामगाराच्या व्हिसासाठी वेतनाची सर्वसाधारण किमान मर्यादा २२ जुलै २०२५ पासून वर्षास ४१,७०० पौंड झाली. राष्ट्रीय वेतनश्रेणीतील शिक्षण व आरोग्य क्षेत्रातील पदांना वेगळे नियम आहेत. त्याच दिवसापासून देखभाल-सेवकांची परदेशातून नवी भरती बंद झाली. तेव्हा वृद्धाश्रमात देखभालीची नोकरी मिळवून देतो असे सांगून कोणी दलाल लाखो रुपये मागत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. व्हिसा मालकाच्या प्रायोजकत्वाशी बांधलेला असतो. नोकरी गेल्यास नवा प्रायोजक शोधण्यास सामान्यतः ६० दिवस मिळतात, हेही ध्यानी धरावे.

आता दैनंदिन जीवनाकडे वळू. लेस्टरमध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटवर एका जुन्या ख्रिस्ती प्रार्थनागृहाचे रूपांतर करून जैन मंदिर उभे राहिले आणि १९८८ मध्ये तेथे प्रतिष्ठा झाली. श्वेतांबर, दिगंबर आणि स्थानकवासी या साऱ्यांना तेथे एकाच छताखाली स्थान आहे. याच शहराच्या कौन्सिलने १९७२ मध्ये युगांडातून निष्कासित झालेल्या आशियाई लोकांना 'येथे येऊ नका' असे सांगणारी जाहिरात तेथील वृत्तपत्रात दिली होती. तरीही लोक आले आणि कष्टाने स्थिरावले. २०२१ च्या जनगणनेत लेस्टरमधील ४३.४ टक्के नागरिकांनी आपली नोंद आशियाई म्हणून केली.

परंतु काउंटीतील सर्वच गावे लेस्टरसारखी नाहीत. अनेक ठिकाणी मंदिर दूर, बस विरळ आणि मोटार अपरिहार्य. भारतीय वाहन परवाना तेथे केवळ बारा महिने चालतो. शाकाहारी अशी खूण असलेल्या पदार्थात अंडे असू शकते, म्हणून घटकांची यादी वाचावी. डिसेंबरात दुपारी चारच्या आधीच सूर्यास्त होतो, जूनमध्ये तो रात्री साडेनऊच्या सुमारास होतो. चौविहार पाळणाऱ्याला हिवाळ्यात कार्यालयात असतानाच भोजन आटोपावे लागेल. पर्युषणाची सुट्टी हक्काच्या रजेतून घ्यावी लागते. हे अशक्य नाही. पण आधी ठाऊक असावे.

सर्वांत गंभीर मुद्दा अखेरीस. काउंटी कौन्सिलच्या कामाचा मोठा भाग म्हणजे वृद्धांची देखभाल. येथून जाणारा मुलगा किंवा मुलगी तेथे परक्यांच्या वृद्ध माता-पित्यांची सेवा मनोभावे करील. मात्र स्वतःच्या माता-पित्यांना तेथे कायमचे नेणे त्याला जवळजवळ अशक्य आहे. जुलै २०१२ पासूनच्या नियमांनुसार वृद्ध पालकास दीर्घकाळ व्यक्तिगत देखभालीची गरज असली पाहिजे, आणि मुलाने पैसे पाठवूनही तशी देखभाल भारतात मिळत नाही हे सिद्ध झाले पाहिजे. शिवाय तोवर मुलाला तेथे कायम वास्तव्याचा हक्क मिळालेला असावा लागतो. "पुढे आम्हालाही बोलावून घेईल" या आशेवर घर विकणाऱ्या माता-पित्यांनी हे आजच जाणावे.

म्हणून निरोपसमारंभापूर्वी प्रत्येक घरात एक बैठक व्हावी. आई आजारी पडल्यास प्रथम कोण धावेल, रुग्णालयाच्या कागदावर सही कोण करील, वर्षातून किती वेळा येणे होईल आणि त्या प्रवासाचा खर्च कोठून येईल, हे सर्व कागदावर उतरवावे. मागे राहणाऱ्या भावंडावर सारा भार टाकून केवळ पैसे पाठविणे म्हणजे कर्तव्यपूर्ती नव्हे. स्थानिक ट्रस्ट, शेजारी आणि नातलग यांचाही या व्यवस्थेत वाटा असावा. एकट्या वृद्धाच्या दारी आठवड्यातून दोनदा जाणे हीदेखील लोकसेवाच होय.

ब्रिटनमध्ये १९९५ साली लॉर्ड नोलन यांच्या समितीने सार्वजनिक जीवनाची सात तत्त्वे घालून दिली : निःस्वार्थता, सचोटी, वस्तुनिष्ठता, उत्तरदायित्व, खुलेपणा, प्रामाणिकपणा आणि नेतृत्व. काउंटीतील अधिकाऱ्याकडूनही याच आचरणाची अपेक्षा असते. अपरिग्रह आणि सत्य यांचे संस्कार लाभलेल्या मुलांना ही तत्त्वे परकी वाटू नयेत. त्यांनी अवश्य जावे, पूर्ण माहिती घेऊन जावे, आणि ज्या निष्ठेने तेथील वृद्धांची विचारपूस करतील त्याच निष्ठेने घरच्या वृद्धांचीही करावी.

जय जिनेंद्र.