सातबाऱ्यावरील नाव



मी सातवीपर्यंत शिकलेली. मला भाषण येत नाही. पाहिले तेवढे सांगते.

२०२० च्या मार्चात करोनामुळे बाजार बंद झाले, भाजी शेतातच वाळली. तेव्हा केंद्र सरकारने पीएम-किसानचा २,००० रुपयांचा हप्ता एप्रिलातच शेतकऱ्यांच्या खात्यावर टाकला. जनधन खाते असलेल्या बायकांना तीन महिने ५०० रुपये दिले. पाचशेत काय होते, असे पुरुष म्हणाले. तेल-साखर त्यातूनच आली, हे त्यांना कुठले ठाऊक!

आमच्या शेजारणीचे मात्र निराळे झाले. नवरा आदल्या वर्षी वारला. शेत तीच करते, पण सातबारा त्याच्याच नावावर राहिला. तिला पाचशे मिळाले, दोन हजार मिळाले नाहीत. शेत कोण कसते हे सरकार विचारीत नाही. कागदावर नाव कोणाचे, ते पाहते. जमीन १ फेब्रुवारी २०१९ पर्यंत नावावर झालेली हवी, असा नियम आहे. पण मालक वारल्यास वारसाला त्यातून सूट आहे. हे तिला कोणी सांगितलेच नाही. दीर म्हणत राहिला, करू सावकाश.

सावकाश कसले? तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यायचा असतो. मृत्यूचा दाखला बरोबर न्यावा. फेरफार मंजूर झाला की नवा उतारा मागून घ्यावा. मुलांची नावे लागतात नि आईचे राहून जाते, तेवढे पाहावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी मंगळवारी दुपारी उतारा घेऊन मंडळात यावे; मी वाचून दाखवीन.