शिक्षकांनी एकत्र बसावे



मूल वर्गात मागे पडले की "हे मूलच मठ्ठ आहे" असा निकाल देऊन मोकळे होण्याची रीत जुनी आहे. ज्या घरातील पहिलीच पिढी शाळेत जाते, त्या घरास या निकालाची किंमत अधिक मोजावी लागते. परंतु दोष मुलाचा की पाठाचा, हे एकट्या शिक्षकाने बंद दाराआड ठरवावयाचे कसे?

जपानमधील शाळांतून पाठ-अभ्यासाची प्रथा फार वर्षांपासून चालत आली आहे. शिक्षक एकत्र बसून एक पाठ तयार करतात. एकजण तो वर्गात शिकवितो. बाकीचे मुलांकडे पाहतात. कोणते मूल कोठे अडले, का अडले, हे टिपून घेतात. नंतर सर्वजण चर्चा करून पाठ सुधारतात. परीक्षा होते ती पाठाची.

आपल्या देशात कोठारी आयोगाने (१९६४-६६) शेजारच्या शाळांचे संकुल सुचविले होते. महाराष्ट्रात केंद्राच्या शिक्षण परिषदेत शिक्षक एकत्र येतात. तो वेळ परिपत्रके वाचण्यात जाऊ नये. तेथे मुलांच्या वह्या उघडल्या जाव्यात.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश जागा पालकांस दिल्या आहेत. शाळेच्या कामावर देखरेख करणे हे त्या समितीचे कर्तव्यच आहे. म्हणून मातांनो, पित्यांनो, त्या जागा रिकाम्या ठेवू नका. तेथे बसा आणि नम्रपणे, परंतु ठामपणे विचारा : "आमची मुले जेथे अडतात, त्यावर शिक्षकांनी मिळून काय विचार केला?"