नारिंगी केबल आणि गल्लीतलं गॅरेज



विजेवरची गाडी घेतली की सर्व्हिसिंगची कटकट संपली, असं हल्ली सर्रास ऐकू येतं. त्यात बरंच तथ्य आहे. या गाडीला इंजिनच नाही. म्हणजे इंजिन ऑइल नाही, ऑइल फिल्टर नाही, स्पार्क प्लग नाहीत, क्लच प्लेट नाही, सायलेन्सर नाही. मेस्त्रीचे हात काळे करणारी बहुतेक कामं इथं उद्भवतच नाहीत. पण जी कामं उरतात ती कोणती, ती कोणी करायची आणि करताना जीव कसा सांभाळायचा, हे गाडी विकताना फारसं कोणी सांगत नाही. आज मी त्याबद्दल बोलणार आहे. बोलताना माझ्या डोळ्यांसमोर गाडीचा मालक आहे, पण त्याच्याही आधी तालुक्याच्या गावी रस्त्याकडेला गॅरेज चालवणारा मेस्त्री आहे.

विजेच्या किंवा हायब्रीड, म्हणजे इंजिन आणि मोटर दोन्ही असलेल्या, गाडीचं बोनेट उघडलं की जाड नारिंगी केबल दिसतात. हा रंग शोभेसाठी नाही. उच्च दाबाची वीज वाहणारी केबल नारिंगीच असली पाहिजे, असा नियम आहे. डीसी विजेच्या बाबतीत 60 व्होल्टच्या वर धोका सुरू होतो, असं वाहन उद्योगात धरलं जातं. आपल्याकडे 2001 मध्ये बेंगळुरूची रेवा नावाची छोटी विजेची मोटार आली, तिच्यात सहा-सहा व्होल्टच्या आठ लेड-ॲसिड बॅटऱ्या होत्या. सगळे मिळून 48 व्होल्ट. आज रस्त्यावर धावणाऱ्या बहुतेक ई-रिक्षाही 48 व्होल्टच्याच आसपास चालतात. आपल्या अनेक मेस्त्रींचा विजेच्या गाडीशी पहिला परिचय या ई-रिक्षांवर झाला आहे. त्यावर उघड्या हातानं काम केलं, काही झालं नाही, आणि हात सोकावला. मला भीती वाटते ती इथंच. कारण आजच्या विजेच्या मोटारीत साधारण तीनशे ते चारशे व्होल्ट असतात आणि काही महागड्या गाड्यांत आठशेपर्यंत. तिथं टेस्टर टोचून बघायची सवय माणसाचा जीव घेऊ शकते. डीसीचा झटका बसला की स्नायू जोरानं आवळले जातात.

म्हणून या कामाचा एक क्रम ठरलेला आहे आणि तो मोडायचा नाही. गाडी बंद करायची. स्मार्ट चावी गाडीपासून चांगली लांब ठेवायची, खिशात नाही. बारा व्होल्टच्या बॅटरीची मायनस वायर काढायची. मग उच्च दाबाची वाट तोडणारा सर्व्हिस प्लग काढायचा आणि तो स्वतःच्या ताब्यात ठेवायचा, म्हणजे आपण गाडीखाली असताना दुसरं कोणी तो बसवणार नाही. त्यानंतर थांबायचं. मोटरला वीज पुरवणाऱ्या इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते, ती उतरायला वेळ लागतो. टोयोटाच्या हायब्रीड गाड्यांसाठी हा अवधी किमान 10 मिनिटांचा सांगितला आहे. गाडीगणिक तो वेगळा असतो, म्हणून त्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल बघायचं. एवढं झाल्यावर मीटर लावून दाब शून्यावर आल्याची खात्री करायची, आणि मगच हात घालायचा. या सगळ्या वेळात हातात हजार व्होल्टसाठी प्रमाणित केलेले रबरी हातमोजे हवेत. भांडी घासायचे मोजे चालणार नाहीत. हे मोजे प्रत्येक वेळी घालण्याआधी हवा कोंडून दाबून बघायचे. टाचणीएवढं छिद्र असलं तरी तो जोड बाद.

हायब्रीड गाडीत आणखी एक धोका आहे आणि तो साध्या कामातही अंगावर येतो. डॅशबोर्डवर ‘रेडी’ असा दिवा लागलेला असला तर गाडी चालू आहे, मग इंजिनाचा आवाज येवो न येवो. मेस्त्री बोनेटमध्ये वाकलेला असतो, गाडी शांत उभी असते, आणि बॅटरीची पातळी खाली आली की इंजिन आपोआप सुरू होतं. विजेच्या गाडीतही, ती नुसती चार्जिंगला लावलेली असली तरी, रेडिएटरचा पंखा कधीही फिरायला लागतो. बोटं जाण्यासाठी एवढं पुरे.

आता एक गोष्ट जरा विस्तारानं सांगतो, कारण ती दर उन्हाळ्यात घडू शकते. मार्च-एप्रिल आला की लोक एसीचा गॅस भरून घ्यायला निघतात. पेट्रोल गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. विजेच्या आणि बहुतेक स्ट्राँग हायब्रीड गाड्यांत तो उच्च दाबाच्या विजेवर चालतो आणि त्याची मोटर कॉम्प्रेसरच्या आतच, गॅस आणि तेलात बुडालेली असते. म्हणून तिथलं तेल वीज न वाहणारं लागतं. ते पीओई जातीचं असतं. साध्या गाड्यांत पीएजी जातीचं तेल वापरतात. गॅस भरायच्या मशीनच्या नळीत आधीच्या गाडीचं पीएजी तेल थोडं जरी उरलेलं असलं आणि ते या कॉम्प्रेसरमध्ये गेलं, तरी आतलं इन्सुलेशन कमकुवत होतं. गाडीचा संगणक वीज कुठंतरी गळते आहे असं ओळखतो आणि गाडी चालू व्हायला नकार देतो. गॅस भरून घेतला आणि गाडी बंद पडली, यांचा संबंध मालकाच्या लक्षातही येत नाही. दुरुस्ती मात्र काही वेळा कॉम्प्रेसरसकट अख्खी यंत्रणा बदलण्यापर्यंत जाते. तेव्हा गॅस भरताना आधी विचारा: या गाडीसाठी कोणतं तेल, आणि तुमचं मशीन स्वच्छ केलेलं आहे का?

विजेची गाडी ‘मेली’ म्हणून येणारे फोन पुष्कळदा मोठ्या बॅटरीचे नसतातच. या गाड्यांतही साधी बारा व्होल्टची बॅटरी असते. दिवे, कुलूप, संगणक आणि मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे रिले तिच्यावर चालतात. ती उतरली की मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. महिनाभर गावाला गेलात आणि गाडी तशीच उभी राहिली की हे होतं. दर सर्व्हिसिंगला तिची तपासणी करून घ्या आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी ती बदलायची तयारी ठेवा. हे काम कुठलाही जाणता मेस्त्री करू शकतो.

ब्रेकचंही तसंच. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटरच जनरेटर होते, वेग कमी होतो आणि वीज बॅटरीत परत जाते. त्यामुळे ब्रेक पॅड फार कमी झिजतात. पण न झिजणं म्हणजे न बिघडणं नव्हे. मालवण, रत्नागिरी, अलिबागच्या खाऱ्या हवेत न वापरलेल्या डिस्कवर गंज चढतो, कॅलिपरच्या पिना अडकतात आणि नेमक्या गरजेच्या वेळी एकाच बाजूचं चाक धरतं. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी वर्षातून एकदा कॅलिपर उघडून, साफ करून, पिनांना त्यांचं ठरलेलं ग्रीस लावून घ्यावं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, ते साधारण दोन वर्षांनी बदलावं. घाटाबद्दलही एक सांगायला हवं. पाचगणीला मुक्काम केला, रात्रभर चार्जिंग करून बॅटरी शंभर टक्के भरली आणि सकाळी पसरणी घाट उतरायला निघालात, तर भरलेल्या बॅटरीत परत येणारी वीज मावत नाही. मग मोटरचा अडसर कमी होतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. घाटमाथ्यावर थोडी कमी चार्ज केलेली गाडी उतरताना अधिक ताब्यात राहते आणि फुकटची वीजही मिळवते.

टायर मात्र लवकर झिजतात. बॅटरीचंच वजन दोनशे-तीनशे किलो असतं आणि मोटर सुरुवातीलाच पूर्ण जोर लावते. हवा दर पंधरवड्याला तपासा.

बॅटरी किती टक्के भरावी, यावर लोक तावातावानं बोलतात: कोणी म्हणतं शंभर, कोणी म्हणतं ऐंशी. दोन्ही बाजू आपापल्या गाडीपुरत्या खऱ्या असतात. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी बॅटरीचा व्होल्टेज भरलेली असताना आणि अर्धी असताना जवळपास सारखाच राहतो, त्यामुळे किती शिल्लक आहे याचा अंदाज संगणकाला नीट लागत नाही. तिला मधूनमधून शंभर टक्के भरावं लागतं, म्हणजे हिशेब पुन्हा जुळतो. निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या बॅटरीला रोज काठोकाठ भरणं मानवत नाही, रोजच्या वापराला ऐंशी टक्के पुरे. आपल्या गाडीत कोणती आहे हे पुस्तिकेत बघा. अकोल्या-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तर कोणतीही बॅटरी लांबच्या प्रवासाहून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, आधी थोडी निवू द्या. कूलंट कमी झालं तर नळाचं पाणी ओतू नका. आणि हायब्रीडवाल्यांनो, बॅटरी थंड ठेवणारा पंखा केबिनमधली हवा ओढतो. त्याची जाळी काही गाड्यांत मागच्या सीटच्या कडेला, काहींत पुढच्या सीटखाली असते. तिच्यासमोर पिशव्या रचू नका आणि धूळ साफ करून घ्या. जाळी तुंबली की बॅटरी तापते आणि तिचं आयुष्य घटतं.

घरच्या चार्जिंगचं काम खरं तर गॅरेजचं नाही, वायरमनचं आहे. जुन्या वाड्यात, जुन्या चाळीत अर्थिंग असतंच असं नाही. चार्जर लाल दिवा दाखवून थांबला तर बहुधा गाडी ठीक असते आणि अर्थिंग बिघडलेलं असतं. अर्थिंग नीट करून घ्या, चार्जिंगसाठी मीटरपासून स्वतंत्र वायर, एमसीबी आणि गळती ओळखणारा आरसीसीबी बसवा. एक्स्टेन्शन बोर्डावर रात्रभर गाडी चार्ज करणं तातडीनं बंद करा.

पुराचा विषय महाराष्ट्राला टाळता येणार नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा विजेच्या मोटारी जवळजवळ नव्हत्याच. आता तळघरातल्या पार्किंगमध्ये त्या रांगेनं उभ्या असतात. बॅटरीचं खोकं पाण्यापासून चांगलं जपलेलं असतं, साचलेल्या पाण्यातून गाडी गेली म्हणून घाबरायचं कारण नाही. पण जी गाडी तासन् तास पाण्यात बुडाली, ती पाणी ओसरल्यावर चालू करून बघू नका, चार्जिंगला तर लावूच नका. 2022 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाला इयन वादळाचा तडाखा बसला, तेव्हा समुद्राच्या खाऱ्या पाण्यात बुडालेल्या काही विजेच्या गाड्यांना पाणी ओसरल्यानंतर आगी लागल्या. अशी गाडी इमारतीपासून दूर, मोकळ्या जागी ठेवा आणि कंपनीला कळवा. ती हलवतानाही टोचन लावून चाकांवर ओढायची नाही, कारण चाकं फिरली की मोटर वीज तयार करते. चारही चाकं उचलून, ट्रकवर चढवूनच न्यायची.

आता सांगा, ही सगळी माहिती गल्लीतल्या मेस्त्रीपर्यंत कोण पोचवतं? बिघाडाचे कोड वाचणारं सॉफ्टवेअर, उच्च दाबाच्या भागांची मॅन्युअलं, सुटे भाग यांतलं पुष्कळसं कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरपुरतंच राहतं. मोठ्या शहरात ते चालून जातं. पण देगलूर किंवा अहेरीच्या माणसानं प्रत्येक खुट्ट झालं की जिल्ह्याचं ठिकाण गाठायचं का? केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानं 24 डिसेंबर 2022 रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं आणि त्यात वाहन उद्योगाचाही समावेश आहे. हे पाऊल योग्य आहे, पण माझ्या मते पुरेसं नाही. ज्या मेस्त्रीनं रीतसर प्रशिक्षण घेतलं आहे, त्याला मॅन्युअल आणि तपासणीचं सॉफ्टवेअर वाजवी दरात मिळालंच पाहिजे, असा बंधनकारक नियम हवा. सुरक्षेचं कारण पुढं करून माहिती दडवली तर अडाणी हातांनी काम होत राहतं आणि अपघात वाढतात. पुण्याच्या ‘एआरएआय’सारखी 1966 मध्ये स्थापन झालेली, वाहनांच्या चाचण्या करणारी संस्था इथं आहे, टाटांची नेक्सॉन रांजणगावला आणि महिंद्राच्या नव्या विजेच्या गाड्या चाकणला तयार होतात. ज्या राज्यात या गाड्या बनतात, त्या राज्यातल्या मेस्त्रीला त्या उघडता न येणं मला खटकतं.

गॅरेजमालकांना माझी विनंती आहे. प्रशिक्षण आणि साधनं हाती येईपर्यंत उच्च दाबाच्या भागाला हात लावू नका. पण विजेची गाडी आली म्हणून दारातून परतही पाठवू नका. टायर, ब्रेक, सस्पेन्शन, वायपर, केबिन फिल्टर, बारा व्होल्टची बॅटरी ही कामं आजच तुमच्या हातची आहेत. आणि घरातलं, ओळखीतलं एखादं पोर या धंद्यात उतरणार असेल, तर आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्याची चौकशी करा. दहावीच्या निकालानंतर प्रवेश सुरू होतात.