पटवर्धनांच्या चित्रातली माणसं

मंडळी, दिवाणखान्यात लावायचं चित्र म्हणजे सूर्यास्त, अशी आपली समजूत. आपल्या ठाण्याचेच सुधीर पटवर्धन मात्र लोकल, इराणी हॉटेल, लोअर परळ, उल्हासनगर रंगवत आले. जन्म पुण्याचा, १९४९चा. १९७३मध्ये मुंबईत आले आणि इथला कष्टकरी माणूस हाच त्यांचा विषय झाला. पेशाने रेडिओलॉजिस्ट, २००५पर्यंत ठाण्यातच प्रॅक्टिस. दिवसा एक्स-रे, एरवी कॅनव्हास! त्यांच्या चित्रात इमारती, पूल कितीही दाटले तरी माणूस त्यातून हरवत नाही.

परवा आपल्या नव्या गेटचा नकाशा पाहिला. कॅमेरे आहेत, कारंजं आहे. पंचवीस वर्षं तिथं बसणाऱ्या इस्त्रीवाल्याला जागा नाही. सर्वसाधारण सभेत मी हा विषय मांडणार आहे. अनुमोदक हवाय.